औशाजवळ प्लॉट: वर मुरूम दिसतोय, खाली काय आहे हे इसार देण्याआधी कसं ओळखायचं?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे औसा तालुक्यातले, मी सध्या पुण्यात नोकरीला. अण्णा एसटीतून निवृत्त व्हायलेत, त्यामुळं आई-अण्णांसाठी औशाजवळ पाच गुंठ्यांचा एनए प्लॉट बघितलाय. साधं बैठं घर, बाराशे चौरस फुटांच्या आसपास, आणि मागं आईची परसबाग एवढंच डोक्यात आहे.

दलाल म्हणतो, "ताई, मुरमाची जागा हाय, तीन फुटांत पक्कं लागतंय." वरवर बघितलं तर खरंच तांबूस मुरूम दिसतो. पण पूर्वेकडच्या घराची कंपाउंडची भिंत रस्त्याकडं कललीय आणि त्यांच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेलीय. घर जुनं म्हणावं तर तसंही नाही. पलीकडं हरभरा निघालेलं रान आहे, त्यात आता एप्रिलात मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा. म्हणजे त्या रानात काळी, आणि मधल्या आमच्याच प्लॉटवर मुरूम?

दलालाला गुरुवारी इसार हवाय. इंजिनिअरला विचारणारच आहे, पण पैसे अडकण्याआधी आपल्या डोळ्यांनी काय काय बघता येईल ते सांगा. आणि आईला मागं मोसंबी, लिंबू लावायचंय, ते येईल का?

बिंदुसरा

काळी निघाली तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल काँक्रीटचे खांब टाकायचे आणि मोकळं व्हायचं. आमच्या कॉलनीत सगळ्यांनी तेच केलंय. माती तपासत बसलात तर प्लॉट दुसराच कुणी घेईल. भाव वाढायलेत.

ओळंबा

बिंदुसरा, भाव वाढायलेत हे कबूल. भिंतीही फाटायल्यात, त्याचं काय?

ताई, मी लातूर-धाराशिव पट्ट्यात खाजगी ठेकेदारांकडं साइट सुपरवायझर होतो. आता घरीच असतो, म्हणून लांबण लावून लिहितो.

पहिली गोष्ट, वरचा मुरूम पुरावा म्हणून धरू नका. प्लॉटिंग करणारे काळ्या रानावर फूट-दीड फूट मुरूम पसरतात. काही वेळा ते रस्त्याची पातळी गाठायला असतं, काही वेळा गिऱ्हाईकाच्या डोळ्यासाठी. कुदळ घेऊन जा. जागचा मुरूम थरानं सुटतो, त्यात मूळ खडकाच्या चिरा दिसतात, आणि कुदळ दर घावाला कमी कमी आत जाते. भरावाचा मुरूम मोकळा असतो. त्यात विटेचे तुकडे, प्लास्टिक, गुटख्याची पुडी, कुणाच्या तरी घराचं प्लास्टर असं सगळं निघतं. प्लॉटच्या कडेला रस्त्याची चारी खांदली असेल तर तिथं काप उघडाच असतो, कुदळीचीही गरज नाही.

दुसरं, ज्या रानात भेगा आहेत त्या रानात विहीर असेल, तिच्यात डोकवा. वरचा भाग बांधून काढलेला असला तर विहिरीच्या मालकाला विचारा की काळी किती गेली आणि मुरूम किती परसावर (माणसाच्या उंचीवर) लागला. ज्यानं पदरचे पैसे घालून विहीर खांदलीय त्याला प्रत्येक थर पाठ असतो. आपल्या भागात साधारण क्रम ठरलेला आहे: वर काळी, मग पिवळट माती आणि तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग कच्चा खडक आणि खाली काळा पाषाण. क्रम तोच, जाडी मात्र दर शंभर पावलांवर बदलते. बालाघाटच्या माळावर हातभर खाली मुरूम लागतो आणि नदीकाठी वीस फूट गेलं तरी काळी संपत नाही.

म्हणून तिसरं आणि खरं काम: इसाराआधी जेसीबी लावून दोन खड्डे घ्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. तासाभराचं भाडं जाईल. दलालाला आधी सांगून ठेवा. तो खुशाल म्हणाला तर बरं, आणि "कशाला ताई, विश्वास नाही का" म्हणाला तर खड्डा न घेताच निकाल लागला समजा. एकच खड्डा घेऊन थांबू नका. सगळी जागा काळीवर असली तर घर निदान सगळं मिळून वर-खाली होतं. अर्धं मुरमावर आणि अर्धं काळीवर असलं तर एक बाजू जागची हालत नाही, दुसरी दर पावसाळ्याला उठते आणि दर उन्हाळ्याला बसते. भेग बरोबर सांध्यावर पडते, मग वर कितीही लोखंड घाला. आणि खड्ड्यात उतरून बघायची हौस नको, विशेषतः अण्णांना. काळ्या मातीची उभी कड न सांगता ढासळते. बकेट वर आली की माती बघा, टेप वरूनच सोडा.

आता ही माती असं का करते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, म्हणून माती फुगते. पाणी गेलं की आकसते आणि भेगाळते. शेतकऱ्याला हे सोयीचंच आहे, भेगांतून वरची माती खाली जाते, रान आपलं आपण उलटतं, आणि रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर निघते. घराला तेच बाधतं. त्यातही हलकं बांधकाम जास्त बाधतं. तीन मजली इमारतीचं वजन फुगणाऱ्या मातीला दाबून धरतं, पण कंपाउंडच्या भिंतीत, ओट्यात, एकट्या संडासात तेवढा भार नसतो. शेजाऱ्याची भिंत आधी कलली ती त्यामुळं. तुमचंही बैठं घर आहे, ध्यानात ठेवा.

माती किती फुगते ते घरी बघता येतं. खड्ड्यातली माती वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीनं चाळून घ्या. काचेच्या दोन सारख्या उभ्या नळ्या किंवा अरुंद बाटल्या घ्या, दोन्हींत सारखीच थोडी माती टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल, काडीनं ढवळा आणि एक दिवस हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींची उंची मोजा. प्रयोगशाळेत हीच चाचणी दहा ग्रॅम माती आणि १०० मिलीच्या मोजपात्रात करतात, तिला फ्री स्वेल इंडेक्स म्हणतात. पाण्यातली उंची रॉकेलपेक्षा निम्म्यानं जास्त भरली, म्हणजे ५० टक्क्यांच्या वर गेली, तर माती फारच फुगणारी समजतात. रॉकेल आता मिळणं मुश्किल आहे, तर घरचं जाऊ द्या, लॅबमधूनच करून घ्या. सिव्हिलची लॅब लागेल, इंजिनिअरिंग कॉलेजांतही करून देतात.

पायाचं म्हणाल तर काळी पाच-सहा फुटांत संपत असेल तर डोकं लढवायचं कारण नाही, तेवढी खांदून फुटिंग, म्हणजे खांबाची तळबैठक, मुरमावर ठेवायची. त्याहून खोल असेल तर बिंदुसरा म्हणतात तो पाइलचा मार्ग, पण कसला पाइल ते विचारा. या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल असतो, रुडकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं) आपल्याकडं रूढ केलेला. खाली त्याला फुगा असतो, व्यास दांड्याच्या साधारण अडीच पट, म्हणजे माती वर ढकलायला लागली तरी पाइल उपटत नाही. खोल काळ्या मातीत तो निदान साडेतीन मीटर हवा, कारण ऋतूप्रमाणं ओल बदलते ती साधारण तेवढ्या खोलीपर्यंत. आणि वरचा प्लिंथ बीम, म्हणजे पाइलना जोडून भिंती पेलणारा बीम, जमिनीला टेकवायचा नाही. खाली ८० मिलिमीटर तरी पोकळी सोडायची, माती फुगली तर तिला जागा पाहिजे. मी स्वतः बघितलंय, पाइलवर खर्च करतात आणि बीम मात्र सरळ काळीवर ओततात. मग माती खालून बीमच उचलते.

अजून एक खोड आपल्याकडं फार आहे. काळी तीन-चार फूट काढायची आणि त्या खड्ड्यात भरड मुरूम नाहीतर वाळू लोटून वर घर बांधायचं. चारही बाजूंनी पाणी न सोडणारी काळी आणि मधे मोकळा मुरूम, म्हणजे घराखाली घंगाळच झालं. पावसाचं पाणी त्यात येऊन बसतं आणि खालच्या काळीला वर्षभर पाजत राहतं. भरायचंच असेल तर थोडी चिकण असलेला, न फुगणारा मुरूम थरावर थर पाणी मारून, रोलर फिरवून दाबावा लागतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी यावर बरंच काम केलंय, कालव्यांच्या अस्तराखाली असा मीटरभर थर वापरतात. घरासाठी करायचा तर इंजिनिअर उभा राहून करून घेणारा पाहिजे.

घर झाल्यावरही काम संपत नाही. भोवतीनं पाच-सहा फूट रुंद फरशी करा, उतार बाहेर. स्लॅबचं पाणी पायाशी सोडू नका, पाइपनं लांब न्या. बाथरूमचा सांधा गळत असला तर त्याच आठवड्यात दुरुस्त करा. या मातीचं दुखणं पाण्यापेक्षा ओलीच्या चढउताराचं आहे. एका कोपऱ्यात नळ ठिबकतोय आणि दुसऱ्या कोपऱ्यात पिंपळ पाणी ओढतोय, असं असलं तर चांगला पायाही दमतो.

जुन्या गावांत हा ताप कमी दिसतो. पूर्वीच्या लोकांनी गाव वसवताना उंचवट्याची पांढर (पांढऱ्या मातीची जागा) धरली आणि काळी पिकाला ठेवली. आता गावठाण भरलं, प्लॉटिंग काळीत उतरलं.

आणि औसा म्हणजे किल्लारी त्याच तालुक्यात, हे तुम्हाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून बांधकाम करू नये. तेव्हा माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन. २००२ साली भूकंपाची मानक संहिता बदलली आणि हा भाग झोन तीनमध्ये आला. इंजिनिअरला "आत्ताच्या संहितेतला भूकंपाचा झोन धरलाय का" एवढं नुसतं विचारा, चेहऱ्यावरून कळेल.

बिंदुसरा

काका, एवढं सगळं बघायचं तर माणसानं घर कधी बांधायचं?

ओळंबा

दोन खड्डे आणि विहीरवाल्याकडं चहा. एका सकाळचं काम आहे. भेगा बुजवणं मात्र दर वर्षी आहे.

दुधना

मी परभणीकडची, शेती आमची घरची आणि शिक्षणही त्यातलंच. बागेपुरतं लिहिते.

मोसंबीचं नाव काढलंत म्हणून सांगते, काळी जमीन बघून मोसंबी लावू नका. मोसंबीला मध्यम, निचऱ्याची जमीन लागते. जालन्याकडं बागा उभ्या आहेत त्या सगळ्या काही खोल काळीत नाहीत. भारी काळीत पावसाळ्यात मुळाशी पाणी साचतं, डिंक्या येतो, म्हणजे खोडातून डिंक गळतो. दुसरा शत्रू चुनखडी. मातीत मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर मोसंबी-लिंबू टाळावं. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. ओळंबाकाकांनी सांगितलेले पिवळ्या मातीतले पांढरे खडे तेच. ते दोन फुटांवर असतील तर झाड पहिली दोन-तीन वर्षं छान दिसतं आणि मुळं खाली पोचली की झुरायला लागतं. तोवर रोपवाटिकावाला ओळख देत नाही.

म्हणून फळझाडासाठी नमुना वरवरचा घेऊन चालत नाही. पिकाला वीतभर खोल पुरतं. झाडासाठी तीन फूट खड्डा करून दर फुटाची माती वेगळी काढायची, प्रत्येकी अर्धा किलो, सावलीत वाळवून कापडी पिशवीत. खताच्या गोणीत भरू नका, अहवालात खतच दिसेल. जेसीबीचे खड्डे होतीलच, त्याच कडेची माती घ्या, फक्त वरचा भराव सोडून. कृषी विभागाची जिल्ह्याची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, परभणीला विद्यापीठ आहे.

आणि एक मागणी तोंडानं करा. २०१५ पासून जी मृद आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. मुक्त चुना त्यात नसतो. आपल्या भागात फळबागेसाठी तोच आधी बघायचा आकडा आहे, त्यामुळं तो वेगळा सांगून करून घ्या. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर बाथरूम धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब मातीच्या ढेकळावर, हातमोजे घालून आणि तोंड लांब ठेवून. जोरात फसफसलं तर चुना भरपूर.

हा शेतीचा अहवाल घेऊन पायाचं डिझाइन करायला जाऊ नका, असंही घडताना बघितलंय. दोन्ही तपासण्या वेगळ्या.

दुकानदार जिप्सम गळ्यात मारतील. जिप्सम चोपण जमिनीला, जिथं सोडियम जास्त आहे आणि सामू साडेआठच्या वर गेलाय तिथं. चुनखडीच्या मातीत आधीच कॅल्शियमचा सुकाळ, त्यात जिप्सम कशाला? तिथं शेणखत, ताग-ढैंचा गाडणं, थोडं गंधक.

तेरणाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. अण्णांनी आज सकाळी खड्डे घेतले. दलाल कुरकुरला पण आला, आणि जेसीबीवाला त्याचाच भाचा निघाला!

वायव्येचा कोपरा: फूटभर भराव, मग तीन फूट काळी, फूटभर पिवळी माती पांढऱ्या खड्यांची, आणि पाच फुटांवर मुरूम. बकेट खरवडल्याचा आवाज फोनवर मलाही ऐकू आला.

आग्नेयेचा, म्हणजे कललेल्या भिंतीकडचा: दोन फूट भराव, त्यात खरंच विटा आणि गुटख्याच्या पुड्या. नऊ फूट गेलं तरी काळीच. तळाशी माती ओलसर, तीही एप्रिलात. शेजारच्या रानाच्या मालकानं सांगितलं, त्याच्या लहानपणी तिथून लवण, म्हणजे पावसाच्या पाण्याची सखल वाट जायची, पावसाळ्यात बैल रुतायचे.

आता घ्यावा की सोडावा?

ओळंबा

एप्रिलात ओल आहे म्हणजे तो माणूस खरं बोलतोय. आधी कागद बघा. भूमी अभिलेखमधून गावनकाशा घ्या आणि मंजूर लेआउटशेजारी ठेवा. नकाशावर तुमच्या प्लॉटमधून नाला जात असेल तर भाव कितीही पडला तरी हात लावू नका, कारण पाणी आपली वाट सोडत नाही आणि पुढं कायद्याचीही कटकट येते. नुसती सखल लवण असेल, नोंद नसेल, तर विचार करायला हरकत नाही.

पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. तुम्हाला घराला बाराशे लागतात. सगळं घर वायव्येच्या बाजूला ओढा, दलालाच्या नकाशातल्यासारखं मधोमध नको. पण त्याआधी घर जिथवर येणार तिथं अजून एक-दोन खड्डे घ्या, मुरूम पाचाचा सहा-सात कुठं होतोय ते बघा. सगळ्या फुटिंग मुरमात, एकही काळीवर नाही, पोर्चचा खांबसुद्धा नाही. लोक घर नीट बांधतात आणि पोर्च विसरतात. मग वर्षभरात पोर्च घरापासून सुटतो. तो पूर्वेचा भाग मोकळा राहू द्या. तिकडची कंपाउंडची भिंत मात्र वीट-सिमेंटची सलग बांधू नका, खांब आणि जाळी करा. हललं तरी दिसायचं नाही.

भावाचं बोलताना तोंडानं बोलू नका. नऊ फुटांवरही काळीच असल्याचा फोटो दाखवा, टेप धरलेला. दलालानं "मुरमाची जागा" म्हणून भाव लावला होता, तर आता अर्धी मुरमाची आहे. त्या हिशेबानं मागा.

दुधना

आग्नेयेच्या ओल्या काळीत फळझाड नको. तिथं केळी, कर्दळ, अळू लावा, बाथरूम-मोरीचं पाणी तिकडं सोडलं की बारा महिने हिरवं. मुरमाच्या बाजूला वर उरलेल्या जागेत सीताफळ आणि पेरू. सीताफळाला हलकी जमीन चालते, अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, रोपं तिथली मिळाली तर बघा. लिंबाचं एक झाड आईंना हवंच असेल तर मुक्त चुन्याचा आकडा येऊ द्या, मग गादीवाफा करून. मोसंबी औशाच्या बाजारातून आणा.

तेरणाकाठ

आई हसली, म्हणाली मोसंबी आणू बाजारातून पण लिंबू लावणारच. गावनकाशासाठी अण्णा सोमवारी जातायत, दलालाला तसं कळवलं. इसार थांबवलाय.

एकच राहिलं काका, संडासचा शोषखड्डा कुठं घ्यायचा? पूर्वेला जागा भरपूर आहे.

ओळंबा

पूर्वेच्या काळीत शोषखड्डा शोषणार नाही, पहिल्याच पावसात उपळून वर येईल. मुरमात घ्या, पण घरापासून वीस फूट तरी लांब, आणि बोअर घेणार असाल तर त्याच्यापासून साठ फूट. वायव्येला दोन्ही मावत नसतील तर आधी शोषखड्ड्याची जागा ठरवा आणि मग घराची रेघ मारा. जागा ठरली की तिथं फूटभर रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाणी भरून मुरवा, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि घड्याळ लावून बघा पाणी तासाला किती उतरतं. इंच-दोन इंचही उतरत नसेल तर जागा बदला.